आवाज आपला, करार कोणाचा?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईतील ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ बंद पडले. जाहिरातींना, मालिकांच्या डबिंगला, बोलक्या पुस्तकांना आवाज मात्र लागतच होता. ज्यांच्या घरी बरा माईक होता त्यांनी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, डोक्यावर गोधडी ओढून काम चालू ठेवले. पुढे टाळेबंदी उठली, स्टुडिओ उघडले, परंतु घरून आवाज देण्याची पद्धत गेली नाही. अमरावती, नांदेड किंवा सोलापूरच्या वस्तीत राहणारा तरुण मुंबईचे तिकीट न काढता या व्यवसायात पाऊल टाकू शकतो, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर तिच्यावर विश्वास बसला नसता.

या वाटेने निघालेली मुले-मुली भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माईक कोणता घ्यावा? प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: सही कोणत्या कागदावर करावी? आमचे म्हणणे असे की माईक चुकला तर चार हजार रुपये जातात, कागद चुकला तर आवाजच जातो. आणि यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू लागल्यापासून 'आवाज जातो' हा केवळ बोलण्यातला अलंकार राहिलेला नाही.

दार कोणी अडवले होते?

आवाजाच्या व्यवसायाला पूर्वी दोन दारे होती. पहिले दार अंधेरीच्या स्टुडिओचे. तेथे ओळख लागे, रोज जाण्यायेण्याचा खर्च लागे, बोलावणे येईपर्यंत तासन्तास बसून राहण्याची ऐपत लागे. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला हे परवडणारे नव्हते.

दुसरे दार अधिक चिवट. ते 'शुद्ध' मराठीचे. 'पाणी'ला 'पानी' म्हटले की उमेदवार परत. भाषेला शुद्ध आणि अशुद्ध हेच शब्द लावावेत, हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. ण आणि न यांतला फरक हा जिभेच्या सवयीचा फरक आहे, बुद्धीचा नव्हे. ण म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते, न म्हणताना ते दातांपाशी राहते, एवढेच त्यातले शास्त्र. 'मन' आणि 'मण', 'साल' आणि 'शाल', 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च, अशा जोड्या रोज मोठ्याने म्हटल्या तर जीभ वळते. ती वळवावी, कारण बँकेची, विम्याची, सरकारी खात्याची कामे प्रमाण मराठीत असतात. पण प्रमाण मराठी हे कामाचे हत्यार आहे, ते कोणाच्या लायकीचे प्रमाणपत्र नव्हे.

आणि आपली बोली टाकून देऊ नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी बोलणाऱ्या पात्राला जो आवाज लागतो तो शिकवणीवर्गातून विकत मिळत नाही. दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' ही पुस्तके ज्या बोलीच्या बळावर उभी आहेत, ती बोली कानावरून न गेलेल्या माणसाने ती वाचली तर शब्द बरोबर येतील, आणि माणूस हरवेल. घरच्या स्टुडिओने दार उघडले असेल तर त्यातून आत जाताना जीभ उंबऱ्यावर ठेवून जाण्याचे कारण नाही.

खोलीचा प्रश्न

आता माईकविषयी. नवशिक्याची बहुतेक रक्कम माईकवर जाते आणि आवाज मात्र खोलीमुळे बिघडतो. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा यांवर आपटून आवाज परत येतो, तो घुमतो. हा घुमारा कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे काढता येत नाही. म्हणून आधी कोपरा तयार करावा, मग माईक घ्यावा. जाड गोधड्या, गादी, कपड्यांनी भरलेले कपाट ही आपल्या घरात असणारी साधने आवाज चांगला शोषतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि घुमाराही फारसा जात नाही. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोधडी पहिली करते. दुसरीसाठी जाड भिंत लागते, ती भाड्याच्या खोलीत बांधता येत नाही.

तेव्हा बाहेरच्या आवाजावर उपाय वेळेचा. शेजारचा कुकर, नळाची भांडी, गल्लीतला लाऊडस्पीकर, लोकलचा भोंगा यांचे वेळापत्रक आपल्याला पाठ असते. त्यातली शांत वेळ हेरावी. बहुतेकांना ती रात्री अकरानंतर किंवा पहाटे सापडते. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, मोबाईल दुसऱ्या कोपऱ्यात. घरात दहा माणसे एका खोलीत झोपत असतील तर हे अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे. अशा ठिकाणी वस्तीतल्या अभ्यासिकेची किंवा समाजमंदिराची एखादी लहान खोली आठवड्यातून काही तास या कामासाठी मिळवावी. पाच मुलांनी मिळून एक माईक घेतला तर बिघडत नाही. मात्र हेडफोन प्रत्येकाचा स्वतःचा असावा, आणि कान पूर्ण झाकणारा असावा.

सुरुवातीला संगणकाला थेट जोडता येणारा यूएसबी माईक पुरे. काम मिळू लागले की एक्सएलआर माईक आणि त्याला संगणकाशी जोडणारा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. कंडेन्सर माईक बारीकसारीक आवाज टिपतो, म्हणजे शेजारच्याचे भांडणही टिपतो. गोंगाटाच्या घरात डायनॅमिक माईक बरा. माईक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा ठेवावा. मराठीत ख, फ, भ, ध अशी महाप्राण अक्षरे पुष्कळ. त्यांच्या हवेचा झोत माईकवर आदळला की धप्प आवाज येतो. त्यासाठी पुढे जाळी, म्हणजे पॉप फिल्टर लावावा. ध्वनिमुद्रण आणि कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. व्हिडिओशी संबंधित काम ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाईलमध्ये मागतात. आपण गप्प असताना खोलीचा जो अंगचा आवाज उरतो तो उणे ६० डेसिबलच्या खाली असावा, ही बोलक्या पुस्तकांच्या धंद्यातली सर्वसाधारण अपेक्षा.

यानंतर नमुन्याची फीत, म्हणजे डेमो. साठ ते नव्वद सेकंद पुरेत. जाहिरात, निवेदन आणि पात्राचे संवाद यांचे डेमो वेगवेगळे करावेत. ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत निर्णय घेतो, म्हणून सर्वांत चांगला तुकडा आधी. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल डेमोत घालू नये. अमिताभ बच्चनसारखा आवाज काढणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांचा बाजार वेगळा.

वाचायचे काय?

सराव म्हणून रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचावा. पण पुस्तक ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवायचे असेल तर कायदा पाहावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांपर्यंत चालतो. महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' (१८७३), सावित्रीबाईंचे 'काव्यफुले' (१८५४), ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) ही पुस्तके सर्वांसाठी खुली आहेत. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यात आले.

येथे दोन खाचखळगे आहेत. एक, मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची साठ वर्षे छपाईपासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ चे, त्याची मुदत २०१७ अखेर संपली. परंतु 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली छापले गेले, त्याची मुदत संपलेली नाही. दोन, अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. मूळ इंग्रजी ग्रंथ खुला झाला म्हणून त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद खुला होत नाही. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कथा-कादंबऱ्या १ जानेवारी २०३० पर्यंत परवानगीशिवाय वाचून प्रसिद्ध करता येणार नाहीत.

या मुद्द्यावर आम्ही थांबलो त्याला कारण आहे. खुले पुस्तक निवडून, स्वतःच्या पुढाकाराने, स्वतःच्या घरात तुम्ही ते ध्वनिमुद्रित केले, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही केवळ कलावंत राहत नाही, निर्माताही होता. पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो. आमच्या शाहिरांच्या आणि गायकांच्या आवाजावर कॅसेटचा धंदा उभा राहिला तेव्हा यंत्र दुसऱ्याचे होते, खोली दुसऱ्याची होती, म्हणून मालकीही दुसऱ्याची झाली. गायकाच्या पदरात एकरकमी बिदागी पडली आणि कॅसेट वर्षानुवर्षे विकली गेली. आज यंत्र आणि खोली आपली असू शकते. मालकी आपली राहील की नाही, हे मात्र सहीवर अवलंबून आहे.

गारुड्याला जो हक्क, तोच तुम्हाला

कलावंताच्या आवाजाला कायद्याने ओळखायला फार वेळ लावला. अभिनेते देव आनंद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने (ए.आय.आर. १९७९ मुंबई १७) असे ठरवले की नटाचा अभिनय हा कॉपीराइट कायद्याच्या अर्थाने 'कृती'च नाही, म्हणून त्यावर त्याचा हक्क नाही. देव आनंद यांची ही गत, तर पडद्यामागे आवाज देणाऱ्याची काय असेल?

१९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि सादरकर्त्याचा हक्क जन्माला आला. सादरकर्ता कोण? कायदा यादीच देतो: नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा, हातचलाखीचे खेळ करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा किंवा सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती. वाचकांनी ही यादी पुन्हा वाचावी. डोंबारी आणि गारुडी देशाच्या कायद्यात गायकाच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत. याच राज्यात १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, खेळ करणे यांच्या मिषाने पैसे घेणे हीच भीक ठरवली. एका कायद्याने ज्याला भिकारी म्हटले त्याला दुसऱ्या कायद्याने कलावंत म्हटले. आम्ही दुसऱ्या कायद्याच्या बाजूने उभे आहोत आणि आवाज देणाऱ्या प्रत्येकाने तेथेच उभे राहावे.

स्टुडिओत, प्रेक्षकांशिवाय केलेले गायन हे 'सादरीकरण' आहे का, असा वाद पुढे निघाला. गायिका नेहा भसीन यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की प्रत्येक सादरीकरण प्रथम जिवंतच असते, मग ते श्रोत्यांपुढे असो वा स्टुडिओत. घरातल्या कोपऱ्यात एकट्याने केलेले वाचनही याच तर्काने सादरीकरण ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या: आपले नाव सांगितले जाण्याचा हक्क, आणि आपल्या सादरीकरणाची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क. सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षे चालतो.

पण त्यातच एक फट आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला सादरकर्ता मानू नये, मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा अपवाद. म्हणजे नाव नाही तर हक्कही बहुतांश नाही. डबिंग करणाऱ्यांची नावे गाळण्याची रूढी आहेच. म्हणून नाव मागणे ही हौस नव्हे, ती हक्काची पहिली पायरी आहे.

यंत्राच्या तोंडी आपला आवाज

मध्य रेल्वेच्या उद्घोषिका सरला चौधरी यांचा १९८० च्या दशकातला आवाज त्या दुसऱ्या खात्यात गेल्यानंतरही अनेक वर्षे फलाटावर घुमत राहिला. शब्द कापून, जोडून नवीन वाक्ये बनवली जात. तेव्हा निदान तेच शब्द बोललेले असावे लागत. आता तेही लागत नाही. काही मिनिटांच्या नमुन्यावरून यंत्र तुमच्या आवाजात, तुम्ही कधीच न बोललेली वाक्ये बोलते.

अमेरिकेतील एक खटला घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. पॉल लेहरमन आणि लिनिया सेज हे दोघे आवाजाचे कलावंत. फायव्हर या संकेतस्थळावरून त्यांना निनावी ग्राहकाकडून काम आले. एकाला १,२०० डॉलर मिळाले, दुसरीला ४०० डॉलर. एकाला सांगितले गेले की हे संशोधनासाठी आहे, दुसरीला सांगितले गेले की या रेडिओ जाहिरातींच्या चाचणीच्या संहिता आहेत. पुढे लोवो या कंपनीच्या यंत्रात वेगळ्याच नावांनी आपलेच आवाज विकले जात आहेत, असा आरोप करून त्यांनी मे २०२४ मध्ये दावा लावला. १० जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने प्राथमिक आदेश दिला. आवाजाची नक्कल म्हणजे कॉपीराइटचा भंग, हे म्हणणे टिकले नाही. परंतु करारभंगाचा आणि न्यूयॉर्क राज्याच्या नागरी हक्क कायद्याखालचा दावा पुढे चालवण्यास परवानगी मिळाली. कामाच्या वेळी दिलेली आश्वासने हाच या कराराच्या दाव्याचा कणा आहे. धडा सरळ आहे: काम कशासाठी हे लेखी विचारा, आणि आलेला प्रत्येक संदेश जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे व्हॉट्सअॅपचा संदेशही योग्य प्रमाणपत्रासह पुरावा होतो.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. हे आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा पाया प्रसिद्धीत आहे. आवाज देशभर ओळखला जातो, म्हणून त्याची चोरी ओळखली जाते. नांदेडच्या खोलीतून बँकेची सूचना वाचणाऱ्या मुलीचा आवाज लाखो लोक ऐकतात आणि तिला ओळखत कोणीच नाही. तिच्याजवळ प्रसिद्धी नाही, बडा वकील नाही, आहे तो फक्त करार. श्रीमंताला कायदा नावाने संरक्षण देतो, गरिबाला कागदाने. म्हणून कागद नीट हवा.

सहीपूर्वी सात गोष्टी

आमच्याकडे येणाऱ्या मसुद्यांत एक वाक्य हटकून असते: संपूर्ण जगात, कायमस्वरूपी, सर्व ज्ञात आणि भविष्यात निघणाऱ्या माध्यमांत. या वाक्याचा अर्थ विक्री, आणि तीही परत न मिळणारी. आपण आवाज भाड्याने देतो, विकत नाही, हे ठरवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, काम. कोणती संहिता, किती मिनिटे, कशासाठी. 'इतर अनुषंगिक वापर' हे शब्द खोडायला लावावेत.

दोन, मुदत आणि प्रदेश. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ चा हा लाभ कलम ३९अ मुळे सादरकर्त्यालाही मिळतो. कित्येकदा गप्प राहिलेला करार बोलक्या करारापेक्षा बरा असतो.

तीन, माध्यम. करार झाला तेव्हा जी वापराची पद्धत अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हती, तिचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार तिला लागू होत नाही, असे कलम १८ सांगते. कृत्रिम आवाजाच्या आधी केलेल्या करारांबाबत हा मुद्दा न्यायालयात मांडता येईल. नव्या करारांत मात्र ही ढाल पुरणार नाही, कारण ती पद्धत आता व्यापारी वापरात आली आहे.

चार, म्हणून स्वतंत्र वाक्य हवे: 'या ध्वनिमुद्रणाचा उपयोग कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी, यंत्राच्या प्रशिक्षणासाठी किंवा त्या हेतूने तिसऱ्या पक्षाला देण्यासाठी करता येणार नाही.' हे वाक्य कापून ठेवावे आणि प्रत्येक कागदात घालावे.

पाच, नाव. श्रेयनामावलीत कोठे आणि कसे, ते लिहून घ्यावे.

सहा, मोबदला. रक्कम, तारीख, आणि ग्राहकाने संहिता बदलली तर पुन्हा वाचनाचे वेगळे पैसे. काम सुरू करण्याआधीच उद्यम नोंदणी करावी, ती मोफत आहे. तशी नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा, २००६ प्रमाणे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून मागता येतो, तो सोडू नये.

सात, वाद कोठे चालणार. लातूरच्या मुलाला गुरुग्रामच्या लवादाकडे पाठवणारे कलम म्हणजे न्याय नाकारण्याची सभ्य पद्धत.

कलावंताला हे सगळे मागता येईल का, काम हातचे जाणार नाही का, असे विचारले जाते. काही कामे जातील. परंतु चौथे कलम नाकारणाऱ्या ग्राहकाला तुमचे एक काम नको असते, तुमची पुढची सगळी कामे हवी असतात.

एक सावधगिरी आणखी. काम देणारा पैसे मागत नाही. नोंदणी शुल्क, आवाज चाचणी शुल्क, 'हमखास काम' देणारा महागडा वर्ग यांपासून दूर राहावे. परदेशी बोलक्या पुस्तकांच्या एसीएक्स या बाजारात लाखो कमवा, असे शिकवणाऱ्यांना आधी विचारावे की तेथे खाते अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या रहिवाशांनाच उघडता येते, मग आम्ही तेथे कसे जायचे?

एकट्याचा आवाज पुरत नाही

कागद कितीही चांगला असला तरी एकटा माणूस तो रेटू शकत नाही. घरून काम करण्याचा हाच मोठा तोटा. स्टुडिओच्या बाकावर बसलेली माणसे निदान दर एकमेकांना विचारत. आता प्रत्येक जण आपापल्या गोधडीखाली एकटा आहे आणि दर पाडण्याचे काम सोपे झाले आहे.

अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा संघटनेचे अभिनेते जुलै ते नोव्हेंबर २०२३ असे ११८ दिवस संपावर होते. यंत्राने केलेल्या नकलेला संमती आणि मोबदला, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्याच संघटनेच्या व्हिडिओ गेममधील कलावंतांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. जून २०२५ मध्ये तो स्थगित झाला आणि जुलैमध्ये सदस्यांनी मंजूर केलेल्या करारात संमती आणि माहिती देण्याची अट आली. ती न्यायालयाने दिली नाही, सरकारने दिली नाही, संघटनेने मिळवली.

आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट यांवरील कार्यपत्राचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यातील प्रस्तावाचे सार असे: यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपन्यांना सरसकट सक्तीचा परवाना द्यावा, हक्कधारकांना मध्यवर्ती संस्थेमार्फत मोबदला मिळावा. मोबदल्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु सक्तीच्या परवान्यात 'नाही' म्हणण्याचा हक्क उरत नाही. ज्यांना शतकानुशतके 'नाही' म्हणू दिले गेले नाही, त्यांनी तरी या शब्दाची किंमत ओळखावी. शिवाय मध्यवर्ती संस्थेत ज्याची नोंद आहे त्यालाच पैसे मिळतात. श्रेयनामावलीत ज्याचे नावच नाही, त्याची नोंद कोठून होणार?

दुसरी वाट अशक्य नाही. बंगळुरूची कार्या ही संस्था ग्रामीण आणि गरीब लोकांकडून भारतीय भाषांतील आवाजाचे नमुने घेते. २०२३ साली 'टाइम' नियतकालिकाने तिची माहिती छापली तेव्हा ती ताशी किमान पाच डॉलर देत होती, आणि नमुने पुन्हा विकले गेल्यास त्यातील वाटाही बोलणाऱ्याला देण्याची तिची पद्धत होती. एका संस्थेला जे जमते ते मोठ्या कंपन्यांना जमत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यात आवाजाचे काम करणाऱ्यांनी एकत्र यावे. किमान दर ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये. करारांचे मसुदे एकमेकांना दाखवावेत. पैसे बुडवणाऱ्याची माहिती सर्वांना द्यावी. आपल्यातील वकिलांनी आठवड्यातला एक तास या मुलांचे कागद वाचण्यासाठी राखून ठेवावा. यंत्र स्वस्त झाले आहे, खोली घरात आहे, दार उघडले आहे. आता आत जाणाऱ्याने सही करण्यापूर्वी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि मोठ्याने वाचावा. तेवढा आवाज तर आपला आहेच.